विश्लेषण : करार लाखो डॉलरचा, नोकरी मात्र आठवड्याची! अमेरिकन फुटबॉलमधील ‘फिरस्त्या’ बचावपटूंचे अर्थकारण काय सांगते?

अमेरिकेत दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस असा एक दिवस येतो, की शेकडो फुटबॉलपटूंना आपला फोन वाजूच नये असे वाटते. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात ‘एनएफएल’मधील ३२ संघ सराव शिबिरासाठी प्रत्येकी ९० खेळाडू घेतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ही संख्या ५३ वर आणतात. याचा हिशेब केला तर काही दिवसांत जवळपास बाराशे खेळाडूंचे मुख्य संघातील स्थान जाते. तारांकित खेळाडूंच्या कोट्यवधी डॉलरच्या करारांची बातमी होते. या बाराशे जणांची मात्र फक्त यादी लागते. ब्रँडन कोपलंड हा बचावपटू याच यादीच्या आत-बाहेर करत दहा हंगाम टिकला. सहा संघ, दोन मोठ्या दुखापती, एक निलंबन आणि तरीही आर्थिकदृष्ट्या भक्कम अशी त्याची वाटचाल आहे. जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडा लीगमध्ये सामान्य खेळाडू नेमका कसा जगतो, हे या कारकिर्दीतून समजते.

‘जर्नीमन’ कोणाला म्हणतात?

अमेरिकी क्रीडा जगतात ‘जर्नीमन’ हा शब्द संघामागून संघ बदलत राहणाऱ्या खेळाडूसाठी वापरला जातो. तो तारांकित नसतो, पण टाकाऊही नसतो. कोणाला दुखापत झाली, एखादी जागा रिकामी झाली, की त्याला बोलावणे येते. काम झाले, की निरोप मिळतो. मराठीत त्याला ‘फिरस्ता’ म्हणता येईल.

कोपलंडचा प्रवास पाहा. २०१३ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतले. त्यानंतर टेनेसी टायटन्स, डेट्रॉइट लायन्स, न्यूयॉर्क जेट्स, न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि अटलांटा फाल्कन्स. २०२२ च्या हंगामात तो जिथून निघाला होता, त्या रेव्हन्सकडेच परतला. तेव्हाही प्रशिक्षक जॉन हार्बो होते आणि आताही तेच होते. मधल्या काळात बदलला तो फक्त खेळाडूचा पत्ता.

हा खेळ त्याला घरातूनच मिळाला होता. त्याचे आजोबा रॉय हिल्टन हेही बचावपटू होते. जानेवारी १९७१ मध्ये पाचवा ‘सुपर बोल’ जिंकणाऱ्या बाल्टिमोर कोल्ट्स संघात ते होते. मात्र आजोबांचा वारसा असला तरी नातवाला दार उघडे नव्हते.

बचावपटूचे काम नेमके काय असते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो तो आक्रमण करणारा गट आणि त्यांना रोखणारा तो बचावाचा गट. हे दोन्ही गट वेगवेगळ्या खेळाडूंचे असतात. आक्रमणाची सूत्रे ‘क्वार्टरबॅक’कडे असतात. त्याने चेंडू फेकण्यापूर्वीच त्याला जमिनीवर लोळवणे, याला ‘सॅक’ म्हणतात. कबड्डीत चढाईपटूला मध्यरेषेकडे परतू न देणाऱ्या पकडीला जे मोल, साधारण तेच येथे सॅकला.

कोपलंड या गटातील कडेचा खेळाडू. इथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची ठरते. काही संघ बचावाच्या पहिल्या रांगेत चार जण आणि त्यांच्या मागे तीन ‘लाइनबॅकर’ ठेवतात. काही संघ पुढे तीन आणि मागे चार अशी रचना करतात. पहिल्या रचनेत कडेचा खेळाडू हात जमिनीला टेकवून, समोरच्या भारदस्त खेळाडूला थेट भिडतो. दुसऱ्या रचनेत तोच खेळाडू उभा राहून सुरुवात करतो आणि कधी क्वार्टरबॅकवर धावून जातो, तर कधी मागे सरकून पास अडवतो. महाविद्यालयात पुढच्या रांगेत खेळलेला कोपलंड व्यावसायिक संघांत गरजेनुसार दोन्ही भूमिकांत वावरला. प्रशिक्षक बदलला की रचना बदलते आणि रचना बदलली की कालचा उपयुक्त खेळाडू आज बिनकामाचा ठरू शकतो. त्यामुळे फिरस्त्या खेळाडूला एकाच कामात निष्णात होऊन चालत नाही.

त्याची आणखी एक कमाई म्हणजे ‘स्पेशल टीम्स’. चेंडू लांब किक मारून प्रतिस्पर्ध्याकडे सोपवला जातो, तेव्हा तो झेलून धावणाऱ्याला गाठण्यासाठी वेगळा गट मैदानात उतरतो. पूर्ण वेगात धावत जाऊन समोरच्यावर आदळायचे, असे हे काम. प्रेक्षक या वेळी खाद्यपदार्थ आणायला उठतात. संघ मात्र ५३ जणांच्या यादीतील शेवटच्या काही जागा भरताना बहुतेकदा हाच निकष लावतात.

निवड न होताही लीगमध्ये प्रवेश कसा मिळतो?

एनएफएलमध्ये येण्याचा राजमार्ग म्हणजे ‘ड्राफ्ट’. दरवर्षी सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास महाविद्यालयीन खेळाडू निवडले जातात. कोपलंड पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचा, तेथील प्रसिद्ध व्हार्टन बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. हे विद्यापीठ ‘आयव्ही लीग’ या प्रतिष्ठित गटात मोडते. या गटातील विद्यापीठे खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत आणि तेथून एनएफएलमध्ये जाणारे मोजकेच असतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्यांत त्याचे नाव पुकारले गेले नाही.

अशा खेळाडूंना संघ थेट बोलावू शकतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोल जिंकलेल्या रेव्हन्सने त्याला बोलावले, पण अंतिम ५३ मध्ये तो बसला नाही. त्याला ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ म्हणजे सराव पथकात ठेवण्यात आले. त्या वेळी हे पथक आठ जणांचे असे. आज ते १६ जणांचे आहे.

सराव पथकातील खेळाडू आठवडाभर मुख्य संघासोबतच घाम गाळतो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली तो सरावात वठवून दाखवतो आणि सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर राहतो. २०१३ मध्ये यासाठी किमान मानधन होते आठवड्याला सहा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने पावणेचार लाख रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी वाटते. पण त्याच वर्षी मुख्य संघातील नवख्या खेळाडूचे किमान वेतन होते ४ लाख ५ हजार डॉलर. १७ आठवड्यांच्या हंगामात विभागले तर आठवड्याला सुमारे २४ हजार डॉलर. म्हणजे तोच सराव, तीच जोखीम, पण मानधन चौथा हिस्सा. शिवाय पथकातून कोणत्याही आठवड्यात नारळ मिळू शकतो.

रेव्हन्सनंतर टायटन्सकडेही त्याला मुख्य संघात जागा मिळाली नाही. दोन हंगाम सरले, तरी कोपलंडच्या नावावर एकही अधिकृत सामना नव्हता.

मग दार कसे उघडले?

मार्च २०१५ मध्ये एनएफएलने ॲरिझोना राज्यात प्रथमच ‘व्हेटरन कॉम्बाइन’ भरवले. लीगमध्ये येऊन गेलेल्या, पण सध्या बेकार असलेल्या खेळाडूंची ती चाचणी होती. धावणे, उड्या, चपळाईच्या कसरती आणि सर्व संघांचे निवडकर्ते समोर बसलेले. तिथे जाणे म्हणजे आपण बेकार आहोत, हे चारचौघांत मान्य करण्यासारखेच होते. आलेल्यांपैकी फार थोड्यांना काम मिळाले. कोपलंड त्यांपैकी एक. डेट्रॉइट लायन्सने त्याला करारबद्ध केले आणि २०१५ च्या हंगामात त्याने अखेर पहिला अधिकृत सामना खेळला. २०१६ मध्येही तो संघात टिकला.

पण ऑगस्ट २०१७ मध्ये हंगामपूर्व सामन्यात त्याच्या छातीचा स्नायू फाटला आणि ते संपूर्ण वर्ष हातातून गेले. पाठोपाठ लायन्सने मुख्य प्रशिक्षक जिम काल्डवेल यांना दूर केले. २०१८ मध्ये कोपलंड जेट्सकडे गेला आणि तिथे त्याला कारकिर्दीतील सर्वोत्तम हंगाम गवसला. त्याने पाच सॅक नोंदवले. तारांकित खेळाडूंच्या तुलनेत हा आकडा किरकोळ आहे. मात्र पाच वर्षांपूर्वी कोणीच न निवडलेल्या खेळाडूसाठी ती पुढच्या कराराची हमी होती.

ती हमीही वर्षभराचीच ठरली. तो हंगाम संपताच जेट्सने प्रशिक्षक टॉड बोल्स यांना हटवले. २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्यविषयक धोरणाच्या उल्लंघनाबद्दल कोपलंडवर चार सामन्यांचे निलंबन आले. २०२० मध्ये पेट्रियट्सकडून खेळताना पुन्हा छातीच्या स्नायूला दुखापत झाली आणि हंगाम अर्धवट राहिला. २०२१ मध्ये फाल्कन्स, २०२२ मध्ये पुन्हा रेव्हन्स. कारकीर्दभर त्याला दरवर्षी नव्याने परीक्षा द्यावी लागली.

कराराला अर्थ नसतो का?

एनएफएलच्या करारांबाबत सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. जाहीर होणारी रक्कम आणि हमी असलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सामान्य खेळाडूंच्या करारातील वेतनाला हमी नसते. संघाने मुक्त केले, की पुढच्या वेतनाचा हक्क संपतो. सराव शिबिरात मिळतो तो तुलनेने किरकोळ भत्ता, खरा पगार सुरू होतो हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून. म्हणूनच ऑगस्टअखेरचा तो दिवस इतका निर्णायक असतो.

तारांकित खेळाडूला संघ सहजासहजी काढत नाही. करारावर सही करताना दिलेला मोठा बोनस संघाच्या हिशेबात अनेक वर्षांवर विभागलेला असतो. खेळाडूला मध्येच काढले, तर उरलेली रक्कम संघाच्या वेतनमर्यादेत एकदम मोजली जाते. फिरस्त्या खेळाडूला असा बोनस जवळपास नसतोच. त्याला काढणे स्वस्त पडते, म्हणून आधी त्याचाच बळी जातो.

‘वेव्हर’ आणि अनुभवाची अडचण काय असते?

ज्याने लीगमध्ये चार हंगाम पूर्ण केलेले नाहीत, त्याला मुक्त केल्यावर तो लगेच मोकळा होत नाही. साधारण २४ तासांच्या ‘वेव्हर’ मुदतीत कोणताही संघ त्याच्यावर दावा सांगू शकतो. गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघाला पहिला मान मिळतो. दावा लागला, तर खेळाडूने त्या शहरात हजर व्हायचे. त्याची पसंती विचारली जात नाही. घरभाडे, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी हे सारे त्यामागून.

चार हंगामांनंतर ही सक्ती बऱ्याच अंशी सुटते, पण नवी अडचण उभी राहते. किमान वेतन अनुभवानुसार वाढत जाते. २०१८ चे दर पाहिले तर नवख्याला ४ लाख ८० हजार डॉलर, तर चार ते सहा हंगामांच्या खेळाडूला ७ लाख ९० हजार डॉलर द्यावे लागत. त्या वर्षी प्रत्येक संघाची एकूण वेतनमर्यादा १७ कोटी ७२ लाख डॉलर होती. कामगिरी सारखीच असेल तर संघ स्वस्त खेळाडू निवडणार, हे उघड आहे. यावर उपाय म्हणून किमान वेतनावर घेतलेल्या अनुभवी खेळाडूचे वेतन मर्यादेत कमी धरण्याची सवलत संघांना दिली गेली. खेळाडूला पूर्ण पैसे मिळतात, संघाच्या हिशेबात मात्र तो तरुण खेळाडूइतकाच स्वस्त दिसतो. कोपलंडसारख्यांची कारकीर्द लांबण्यात अशा तरतुदींचा वाटा मोठा आहे.

आणखी एक तारीख महत्त्वाची. अनुभवी खेळाडू हंगामाच्या पहिल्या सामन्याला संघात असेल आणि नंतर त्याला काढले, तर त्या वर्षाचे उर्वरित वेतन मागण्याचा हक्क त्याला कारकिर्दीत एकदा वापरता येतो. हे टाळण्यासाठी काही संघ अनुभवी खेळाडूला पहिल्या आठवड्याआधी मुक्त करतात आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावतात. खेळाडू तोच, जर्सी तीच. हमी तेवढी गेलेली असते.

तीन हंगामांचा उंबरठा इतका मोलाचा का?

निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी खेळाडूच्या नावावर किमान तीन ‘मान्य’ हंगाम लागतात. एखाद्या हंगामात किमान तीन सामन्यांसाठी मुख्य संघाच्या पूर्ण वेतनावर असला, तर तो हंगाम मान्य होतो. जायबंदी यादीत पूर्ण वेतनावर काढलेले सामनेही यात धरले जातात. सराव पथकातील आठवडे मात्र धरले जात नाहीत. म्हणजे रेव्हन्स आणि टायटन्सकडे गेलेल्या दोन वर्षांचा या हिशेबात काहीही उपयोग नव्हता. वयाच्या तेविसाव्या वर्षी, दोन वर्षे घाम गाळल्यानंतर, कोपलंड या मोजपट्टीवर शून्यावरच होता.

खेळाडूंच्या संघटनेनुसार एनएफएलमधील सरासरी कारकीर्द सुमारे ३.३ वर्षांची असते. तीन हंगामांचा उंबरठा आणि ही सरासरी शेजारी ठेवून पाहिली, की हंगामात एखादा सामना कमी-जास्त होण्याला किती किंमत आहे, ते लक्षात येते.

कोपलंडने वेगळे काय केले?

व्हार्टनमध्ये शिकलेल्या कोपलंडने हे सारे गणित लवकर ओळखले. आलेला प्रत्येक धनादेश अखेरचा असू शकतो, असे धरूनच त्याने पैशांचा हिशेब ठेवला. उत्पन्नातील साधारण ६० टक्के गुंतवणूक, ३० टक्के बचत आणि उरलेल्यात संसार, अशी आपली पद्धत त्याने मुलाखतींत सांगितली आहे. हंगाम नसताना त्याने वित्तक्षेत्रात काम केले. पत्नीसोबत जुनी घरे विकत घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा व्यवसायही केला.

२०१९ मध्ये तर तो आपल्याच विद्यापीठात शिकवू लागला. ‘लाइफ १०१’ नावाच्या त्या अभ्यासक्रमात कर कसा भरायचा, कर्ज घेताना काय पाहायचे, नोकरीचा करार कसा वाचायचा, घर विकत घ्यावे की भाड्याने, अशा रोजच्या गोष्टी होत्या. सहकारी खेळाडू त्याला ‘प्रोफेसर’ म्हणू लागले. २०२० मध्ये खेळाडू संघटनेने त्याला ॲलन पेज यांच्या नावाचा समाजकार्य पुरस्कार दिला. पेज हेही एके काळचे नामांकित बचावपटू. निवृत्तीनंतर ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

शिस्त असली की प्रश्न सुटतो का?

पूर्णपणे नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी १९९६ ते २००३ या काळात ड्राफ्टमधून आलेल्या एनएफएल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर १२ वर्षांत त्यांपैकी सुमारे १६ टक्के जणांनी दिवाळखोरी जाहीर केल्याचे त्यात आढळले. अधिक धक्कादायक निष्कर्ष पुढेच होता. जास्त कमाई किंवा लांब कारकीर्द असलेले खेळाडूही या धोक्यापासून फारसे सुरक्षित नव्हते. पैसा किती आला, यापेक्षा तो किती कमी वर्षांत आला आणि पुढची किती वर्षे पुरवायचा आहे, हे विसरले की घात होतो.

तरीही सारा दोष खेळाडूच्या माथी मारता येत नाही. व्हार्टनची पदवी प्रत्येकाकडे नसते. कोपलंडकडे खेळाबाहेर पर्याय होता, म्हणून तो कमी पैशांत, छोट्या कराराने, पुन्हा पुन्हा चाचणी देत राहू शकला. बहुतेकांनी शालेय वयापासून फक्त फुटबॉलच केलेला असतो. विशी सरताना फाटलेले स्नायू, ठिकठिकाणचे पत्ते आणि हाती थोडी रक्कम घेऊन ते बाहेर पडतात. पुढचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य तेव्हा समोर उभे असते.

परिस्थिती बदलते आहे का?

काही प्रमाणात. २०२० च्या हंगामापासून सराव पथके मोठी झाली आणि त्यात काही जागा अनुभवाची अट न ठेवता कोणालाही खुल्या झाल्या. पथकातील खेळाडूला वेव्हरचा फेरा न घालता ठरावीक सामन्यांसाठी मुख्य संघात घेण्याची सोयही झाली. तिशी ओलांडलेल्या बचावपटूंना याचा थेट लाभ मिळाला. मात्र ९० चे ५३ होण्याचा तो दिवस कायम आहे आणि सामान्य खेळाडूच्या वेतनाला हमी आजही नाही.

कोपलंड आता लेखन, व्याख्याने आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या हक्कांसाठीच्या कामात व्यग्र आहे. विद्यापीठ पातळीवरील खेळाडूंना आता नाव आणि प्रतिमेच्या वापरातून कमाईची मुभा मिळाली आहे. त्यामुळे करार वाचण्याची वेळ अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच येऊ लागली आहे. अशा मुलांना कोपलंडच्या पाच सॅकपेक्षा त्याने पगाराचा हिशेब कसा ठेवला, हे जास्त उपयोगी पडेल.